वायफायची दोन नावं दिसतात, एकामागे '५जी' लावलेलं. घरात नक्की कोणतं जोडायचं?

निळीशाई (धागा)

गेल्या आठवड्यात घरी नवा राउटर बसवला. जुन्याचं एकच नाव दिसायचं, ते एकदा जोडलं की पुन्हा बघावं लागत नसे. आता यादीत दोन नावं येतात. मूळ नाव तेच, पण एकाच्या शेवटी '-५जी' आहे. पासवर्ड दोन्हींना एकच.

बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आपला फोन फाइव्ह-जी नाही, मग ते नाव आपल्यासाठी नाही ना?" मला ठाम उत्तर देता आलं नाही. जोडून पाहिलं तर जोडलं गेलं, म्हणून तेच ठेवलं.

राउटर बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या मागे आहे. तिथे '-५जी' वर सगळं झरझर चालतं. बाबांची खोली मात्र घराच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये दोन भिंती आणि बाथरूम. तिथे त्यांचा फोन एक काडी दाखवतो आणि व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहरा गोठतो. बाबांना ऐकू कमी येतं. समोरच्याच्या ओठांकडे बघून ते निम्मं बोलणं समजून घेतात. चित्र थांबलं की त्यांच्यासाठी कॉल संपल्यासारखाच असतो, आणि मग ते "ठेवतो" म्हणून ठेवून देतात. हे मला लवकर सोडवायचं आहे.

अजून दोन गोष्टी. वायफायवर चालणारा एक स्मार्ट प्लग आणला आहे, तो "नेटवर्क सापडत नाही" म्हणतो. आणि ही दोन नावं म्हणजे दोन वेगळी नेटवर्कं आहेत का? प्रिंटर एकावर आणि फोन दुसऱ्यावर असेल तर छापता येईल का?

---

पायवाट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. त्या '५जी'चा मोबाईलच्या ५जीशी काही संबंध नाही. मोबाईलमधला 'जी' म्हणजे जनरेशन, पिढी. वायफायच्या नावातला 'जी' म्हणजे गिगाहर्ट्झ, म्हणजे ५ गिगाहर्ट्झची लहर. बाबांचा फोन ४जी असला तरी हे नाव जोडलं जातं, कारण त्या फोनमधल्या वायफायच्या चिपला तो बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, कळतो. सिमकार्डाशी त्याचं देणंघेणं नाही.

राउटर बनवणाऱ्यांनी नावामागे '५जी' लावणं बंद करावं असं मला मनापासून वाटतं. माझ्या ओळखीतल्या किती तरी ज्येष्ठांनी केवळ या दोन अक्षरांमुळे ते नाव कधी जोडलंच नाही.

---

लोहचुंबक

पायवाट यांच्याशी सहमत. १९९९ साली ८०२.११ए हे वायफायचं मानक आलं आणि ५ गिगाहर्ट्झवरचं वायफाय सुरू झालं, तेव्हा मोबाईलची तिसरी पिढीही बाजारात यायची होती. म्हणजे वायफायचा हा 'पाच' मोबाईलच्या 'पाच'पेक्षा बराच जुना आहे.

घरोघरी नेटवर्क बसवण्याचं काम मी करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या राउटरमध्ये दोन रेडिओ आहेत. एक २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो, दुसरा ५ वर. दोघांच्या मागे इंटरनेटची वायर एकच. २.४ ची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, ५ ची साधारण साडेपाच. लहर आखूड झाली की त्याच ताकदीनं पाठवलेल्या सिग्नलपैकी तेवढ्याच अंतरावर साध्या अँटेनाच्या हाती कमी लागतं. मोकळ्या जागेतसुद्धा ५ वर जवळपास पाचवा हिस्साच पोचतो. त्यात भिंत आली की तफावत वाढते. विटांची भिंत एकवेळ चालते, पण सळ्यांचं काँक्रीट, आरसा, पाण्याचे पाइप आणि भरलेली टाकी हे सगळे ५ चे शत्रू. तुम्ही सांगितलं की मध्ये बाथरूम आहे. फरशा, पाइप, आरसा सगळं त्यातच आलं.

मग ५ हवं कशाला? जागेसाठी. २.४ चा पट्टा फार अरुंद आहे, २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ. त्यात चॅनलं, म्हणजे बोलायच्या ठरावीक जागा, ११ किंवा १३ दिसतात, पण ती एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि वायफायला बोलायला निदान २० लागतात. म्हणून एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनलं तीनच धरायची: १, ६ आणि ११. त्याच पट्ट्यात ब्लूटूथ असतं आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. आजूबाजूच्या प्रत्येक घरातला राउटर याच तीन जागांसाठी रांगेत उभा. ५ मध्ये त्या मानानं ऐसपैस जागा आहे, म्हणून ८० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनल घेता येतं आणि वेग तिथूनच येतो.

तेव्हा बैठकीच्या खोलीत ५, बाबांच्या खोलीत २.४. एका व्हिडिओ कॉलला सेकंदाला काही मेगाबिट पुरतात, तेवढं २.४ आरामात देतं. बाबांना वेगाची गरज नाही, न तुटणाऱ्या सिग्नलची आहे. त्यांच्या फोनमध्ये '-५जी' हे नाव धरून 'विसरा' किंवा 'फर्गेट' करा आणि दुसरं नाव जोडा. आजच करून बघा.

---

अवकाळी

दोन नावं म्हणजे दोन नेटवर्कं नव्हेत. एकाच घराची दोन दारं समजा. कोणत्याही दारानं आत आलात तरी घर तेच. २.४ वरच्या प्रिंटरला ५ वरच्या फोनवरून बिनदिक्कत छापता येईल. 'गेस्ट' म्हणून वेगळं नाव असेल तर मात्र ते बहुधा मुद्दाम तोडून ठेवलेलं असतं, त्यावरून प्रिंटर दिसणार नाही.

---

निळीशाई

सगळ्यांचे आभार. '-५जी' विसरायला लावलं, बाबा आता दुसऱ्या नावावर आहेत. रात्री दादाशी बोलणं झालं, चित्र दोनदाच अडकलं. पण अडकलं. अजून काय बघू?

---

लोहचुंबक

आता मोजून बघा. काड्यांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनी त्या आपल्या हिशेबानं दाखवते. सिग्नल मोजणारं एखादं ॲप घ्या, ते डीबीएममध्ये आकडा देतं. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. राउटरशेजारी उणे ३० ते ४०. उणे ६७ पर्यंत कॉल नीट चालतात. उणे ७५ च्या पुढे गेलं की चित्र अडायला लागतं. दर दहा आकड्यांना ताकद दहापट कमी होते हे लक्षात असू द्या, म्हणजे उणे ६० आणि उणे ७० यांत फरक थोडा नाही.

आणि टीव्हीच्या मागे राउटर ठेवू नका. टीव्हीचा पत्रा सिग्नलला आडवा येतो.

---

कोरापाट

मध्येच विचारते. आमच्याकडे राउटर बंद करून चालू केला की २.४ चं नाव लगेच येतं, ५ चं मात्र मिनिटभर दिसतच नाही. राउटर खराब होतोय का?

---

लोहचुंबक

नाही, तो नियम पाळतोय. ५ च्या पट्ट्यातली ५२ ते १४४ ही चॅनलं बहुतेक देशांत रडारसोबत वाटून घ्यावी लागतात, त्यात हवामानाची रडारंही आली. त्या चॅनलवर बोलण्याआधी राउटरनं निदान एक मिनिट नुसतं ऐकायचं असतं. रडार ऐकू आलं तर ते चॅनल सोडून दुसरीकडे जायचं. हे मिनिट नको असेल तर सेटिंगमध्ये ३६ ते ४८ यांपैकी चॅनल ठेवा. तिथे थांबावं लागत नाही, पण शेजारपाजारचे राउटरही बहुधा तिथेच भेटतील.

---

पायवाट

मूळ विषयावर माझं वेगळं मत मांडतो. दोन्ही बँडना एकच नाव द्यावं. नाव आणि पासवर्ड सारखा असला की फोन घरात फिरताना सिग्नल बघून आपला आपण बँड बदलतो. दोन नावं ठेवली की माणसानं बदलायचं, आणि माणूस बदलत नाही. '-५जी' वर जोडलेला फोन मागच्या खोलीत नेला की शेवटची काडी जाईपर्यंत तो त्यालाच चिकटतो. निळीशाई यांच्या बाबांचं हेच झालं होतं.

---

अवकाळी

पटत नाही. कोणता बँड घ्यायचा हे शेवटी फोन ठरवतो. राउटर फार तर सुचवू शकतो, किंवा २.४ वर उशिरा उत्तर देऊन फोनला ५ कडे ढकलू शकतो. जुने फोन त्या सूचना मानतातच असं नाही. एकच नाव असेल आणि फोन चुकीच्या बँडवर अडून बसला तर त्याला तिथून हलवायचा हुकमी उपाय तुमच्या हाती उरत नाही, कारण बऱ्याच फोनमध्ये बँड निवडायची सोयच नसते. दोन नावं असली तर एक विसरायला लावता येतं. बाबांच्या फोनचं काम आज झालं ते दोन नावं होती म्हणूनच.

---

लोहचुंबक

दोघांचंही बरोबर आहे, प्रश्न घराचा आणि उपकरणांचा आहे. सतत फिरणारे नवे फोन, लॅपटॉप जास्त असतील आणि घर लहान असेल तर एकच नाव. मेश, म्हणजे घरभर एकमेकांशी जोडलेले अनेक छोटे राउटर, बसवलं असेल तर एकच नाव हवंच, त्याचा सगळा फायदा त्यात आहे. पण एखादं उपकरण एकाच जागी, कोपऱ्यात वापरलं जातं आणि ते ५ वर अडकतंय असं दिसलं तर दोन नावं. कामावर जाताना माझा ओढा एका नावाकडे असतो. या घरात मात्र मी दोन ठेवले असते, कारण बाबा बहुतेक वेळ आपल्या खोलीतच फोन वापरतात.

आता स्मार्ट प्लग. असल्या बहुतेक स्वस्त वस्तूंमध्ये फक्त २.४ चा रेडिओ असतो. ५ चं नाव त्यांना ऐकूच येत नाही. जोडणी करताना ॲप फोनचं चालू नेटवर्क प्लगला सांगतं. फोन '-५जी' वर असेल तर प्लग त्या नावाचा शोध घेत बसतो. फोन तात्पुरता २.४ वर आणा, प्लग जोडा, मग फोन परत ५ वर न्या. एकदा जोडला की फोन कुठल्या दारानं आत आहे याच्याशी प्लगला काही नाही. तरीही जोडला नाही तर सुरक्षेच्या सेटिंगमध्ये फक्त डब्ल्यूपीए-३ (वायफाय सुरक्षेचा नवा प्रकार) निवडलेलं नाही ना हे पाहा. जुन्या चिपना ते कळत नाही, 'डब्ल्यूपीए-२/डब्ल्यूपीए-३' अशी जोडी ठेवा.

---

सांगाती

घरात सगळीकडे एकच नाव असलेल्यांनी प्लग जोडताना ५ चा रेडिओ राउटरच्या सेटिंगमधून दहा मिनिटं बंद करावा. माझे तीनही दिवे असेच जोडले गेले.

---

निळीशाई

प्लग जोडला गेला! फोन २.४ वर नेल्यावर पहिल्याच खेपेला.

आकडे लिहिते. बाबांच्या पलंगाशी ५ चा उणे ७८, २.४ चा उणे ६१. मग काल राउटर टीव्हीमागून काढला आणि बोळातल्या कपाटावर ठेवला. तिथून बाथरूमची भिंत वाटेत येत नाही. आता ५ चा उणे ७०, २.४ चा उणे ५५. वायर बोळापर्यंत ओढायला संध्याकाळ गेली, पण सार्थकी लागली.

उणे ६१ चांगला म्हणता, तरी परवा चित्र दोनदा का अडलं असेल? सेटिंगमध्ये २.४ चं चॅनल ३ दिसतंय. ॲपमध्ये शेजारची सगळी नावं १ वर आणि ६ वर आहेत, ३ वर कोणीच नाही. म्हणजे ते रिकामं आहे, बरोबर ना?

---

लोहचुंबक

तिथेच घोळ आहे. ३ रिकामं दिसतं, पण नाही. तुमचा राउटर ३ वर बोलतो तेव्हा त्याचा आवाज १ च्या जागेतही पसरतो आणि ६ च्याही. एकाच चॅनलवरचे दोन राउटर एकमेकांचं बोलणं ओळखतात, एक बोलत असेल तर दुसरा थांबतो. अर्धवट अंगावर आलेल्या चॅनलचं बोलणं मात्र त्याला समजत नाही, तो नुसता गोंगाट ठरतो. म्हणून ३ वर बसून तुम्ही दोन्हीकडचा गोंगाट ऐकताय. ११ वर जा, तुमच्या यादीत तिथे कोणी नाही. आणि २.४ ची रुंदी ४० असेल तर २० करा. ४० केली की जवळपास अर्धा पट्टा एकट्यानं अडवला जातो आणि बदल्यात अडथळे मिळतात.

---

कोरापाट

नाव लपवून ठेवलं तर जास्त सुरक्षित का? राउटरमध्ये 'नाव दाखवू नका' असा पर्याय आहे.

---

अवकाळी

अजिबात नाही. राउटर एरवी सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं नाव हवेत सांगत असतो. ते बंद केलं की तुमच्या फोनला ते नाव घेऊन हाका मारत शोधावं लागतं, घराबाहेर गेल्यावरसुद्धा. म्हणजे घराचं नाव फोन गावभर सांगत फिरतो. शिवाय कोणी घरात जोडताना ऐकलं तर नाव कळतंच. लपवण्यापेक्षा पासवर्ड लांब ठेवा.

नावाचा सुरक्षेशी खरा संबंध वेगळ्या जागी आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. डब्ल्यूपीए-२ मध्ये किल्ली नुसत्या पासवर्डवरून बनत नाही. पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव दोन्ही मिसळून, ४०९६ वेळा घोळून ती तयार होते. त्यामुळे लाखो घरांत असलेलं कंपनीचं ठरावीक नाव तसंच ठेवलं, तर त्या नावासाठी सोप्या पासवर्डांच्या किल्ल्या कोणी आधीच तयार करून ठेवू शकतो. नाव आपलं, वेगळं ठेवलं की ती तयारी फुकट जाते. त्यात आडनाव, घर क्रमांक घालू नका इतकंच.

---

निळीशाई

मग नाव बदलायचंच ठरवलं, आणि मराठीत. 'बाबांचे वायफाय' असं टाकलं तर राउटर "नाव मोठं आहे" म्हणतो. अक्षरं तर मोजकीच आहेत! ३२ ची मर्यादा लिहिली आहे.

---

सांगाती

ती ३२ अक्षरं नव्हेत, ३२ बाइट आहेत. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, अनुस्वार ही वेगळी चिन्हं धरली जातात. 'बाबांचे' मध्ये ब, काना, ब, काना, अनुस्वार, च, मात्रा अशी सात, 'वायफाय' मध्ये सहा. तेरा त्रिक एकोणचाळीस, मधल्या जागेचा एक, झाले चाळीस. 'घरचे वायफाय' टाकून बघा, ३१ होतात, जेमतेम मावतं.

माझं नाव देवनागरीत आहे आणि सगळ्या फोनवर नीट दिसतं. जुन्या प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर मात्र चौकोन येतात, आणि काही राउटरची सेटिंग देवनागरी घेतच नाहीत. मला त्याचं वाईट वाटतं. आपल्या घराच्या दारावरची पाटी आपल्या लिपीत असावी असं वाटण्यात काय चूक?

---

पायवाट

दोनच नावं ठेवणार असाल तर आकडे नकोत. कोणता बँड आहे यापेक्षा कुठे वापरायचं ते नावात लिहा.

---

निळीशाई

पायवाट, हे फार आवडलं. ५ चं नाव 'घर-जवळ' आणि २.४ चं 'घर-लांब' केलं. १६ आणि १९ बाइट, मोजले! बाबांच्या फोनमध्ये फक्त 'घर-लांब' आहे. राउटरच्या यादीत माझा फोन मात्र दोनदा दिसतोय, दोन वेगळ्या पत्त्यांनी. कोणी आत शिरलं म्हणून धसका घेतला होता.

---

अवकाळी

घाबरू नका. हल्लीचे फोन प्रत्येक नेटवर्कच्या नावासाठी वेगळा, बनवलेला पत्ता वापरतात, माग काढता येऊ नये म्हणून. दोन नावांना जोडलेत म्हणून दोन पत्ते.

---

कोरापाट

नवीन राउटर घ्यायचा विचार चाललाय, दुकानात ६ गिगाहर्ट्झ सांगतात. हे आणखी एक नाव का?

---

लोहचुंबक

असू शकतं. हा तिसरा पट्टा ५९२५ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. अमेरिकेनं २०२० मध्ये तो घरगुती वायफायला खुला केला, इतर देशांनी आपापल्या मर्यादेत. गर्दी फार कमी, पण भिंतीपुढे ५ पेक्षाही थकतो. डब्ल्यूपीए-३ शिवाय तिथे जोडताच येत नाही, आणि वायफाय ६ई किंवा त्यापुढचं उपकरण नसेल तर ते नाव यादीत उमटणारच नाही. आकड्यांची गल्लत करू नका. 'वायफाय ६' म्हणजे वायफायची सहावी पिढी, ती २.४ आणि ५ वर चालते. ६ गिगाहर्ट्झ म्हणजे बँड. घरात त्यावर चालणारं काही नसेल तर त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

---

निळीशाई

चॅनल ११ केलं, रुंदी २०. काल रात्री बाबा दादाशी चाळीस मिनिटं बोलले. मी दारात उभी राहून ऐकत होते. एकदाही "ऐकू येत नाही" म्हणाले नाहीत, आणि पुतणीनं दाखवलेलं चित्र त्यांनी दोनदा जवळ धरायला सांगून नीट बघितलं.

सकाळी विचारत होते, "ते 'लांब' म्हणजे माझ्या खोलीसाठी ना?" हो म्हटलं.

---

लोहचुंबक

वाचून बरं वाटलं. एक काम राहिलं. दोन्ही नावं, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार कागदावर लिहून राउटरच्या खाली चिकटवा. नावात मधली रेघ कुठे आहे तेसुद्धा जसंच्या तसं, कारण एक रेघ किंवा एक मोकळी जागा बदलली तरी फोनसाठी ते वेगळं नेटवर्क होतं. पुढे राउटर बदलला तर हेच सगळं नव्यात घाला. प्लग, प्रिंटर, बाबांचा फोन, सगळे आपापले जोडले जातील, कुणाला पुन्हा हात लावावा लागणार नाही.

---

निळीशाई

लिहून चिकटवला. बाबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला आहे.